ओले संग्रह, कोरडे प्रशिक्षण

जुन्या हस्तलिखित पोथीचे शेवटचे पान उलटले, की पुष्कळदा तिथे एक संस्कृत श्लोक भेटतो. लेखनिकाने तो पोथीच्याच तोंडी घातलेला असतो. मला तेलापासून सांभाळा, पाण्यापासून सांभाळा, सैल बांधणीपासून सांभाळा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असा त्याचा आशय. यातल्या पहिल्या तीन धोक्यांचे आज शास्त्र झाले आहे. कॅनडाच्या संवर्धन संस्थेने मांडलेली ऱ्हासाच्या दहा कारणांची यादी जगभर शिकवली जाते. आघात, चोरी व नासधूस, आग, पाणी, कीड, प्रदूषण, प्रकाश, अयोग्य तापमान, अयोग्य आर्द्रता आणि वस्तूची माहिती वस्तूपासून तुटणे, अशी ती दहा कारणे. चौथा धोका, म्हणजे अजाण हात, या यादीत वेगळा सापडत नाही. तो बाकीच्या सगळ्यांत विखुरलेला आहे आणि त्याचा बंदोबस्त प्रशिक्षणावर सोपवलेला आहे. तो बंदोबस्त रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात कितपत पोहोचला आहे, आणि पोहोचतो तेव्हा कोणत्या रूपात पोहोचतो, हे या लेखात तपासायचे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की संग्रहांच्या जतनाचे प्रशिक्षण ज्याला मिळते तो आणि वस्तू ज्याच्या हातात असते तो, हे दोघे आपल्याकडे वेगळे राहिले आहेत. ही फट भरून काढल्याशिवाय कार्यशाळांची संख्या वाढवून फारसे काही साधणार नाही.

संग्रह कुठे आहेत?

रत्नागिरीत संग्रहालय म्हटले की थिबा राजवाडा डोळ्यांसमोर येतो. १८८५ साली ब्रह्मदेशाचे राज्य गेले आणि पुढच्या वर्षी थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवण्यात आले. त्याच्यासाठी बांधलेला हा वाडा १९१० च्या सुमारास उभा राहिला. १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला. आज तिथे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे संग्रहालय आहे. टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान आहे. सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आणि बरण्यांतले जलचर आहेत. मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे, तर चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे. चिपळूणकर त्याला ‘लोटिस्मा’ म्हणतात. ग्रंथांबरोबर जुन्या वस्तूंचा संग्रहही या वाचन मंदिराने उभा केला आहे.

ही झाली पाटी लावलेली ठिकाणे. पाटी नसलेली याहून कितीतरी अधिक आहेत. देवस्थानांच्या पेट्यांतले ताम्रपट आणि मुखवटे, खोतांच्या घरातली मोडी दप्तरे, भिक्षुकांच्या माळ्यावरच्या पोथ्या, शाळांच्या कपाटातल्या काचेच्या स्लाइड्स. यांचे राखणदार कोण? गुरव, ग्रंथपाल, शिपाई, घरातली वडीलधारी बाई, निवृत्त शिक्षक असलेला कार्यवाह. यांपैकी कोणाच्याही नेमणूकपत्रात ‘संग्रहपाल’ हा शब्द नाही. अनेकांपाशी तर नेमणूकपत्रही नाही.

प्रशिक्षण कुठे आहे?

संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय शिक्षणाशी भारताचे नाते जुने आहे. रोममध्ये १९५९ पासून काम करणाऱ्या ‘इक्रोम’ या आंतरसरकारी संस्थेच्या स्थापनेचा निर्णय युनेस्कोच्या १९५६ च्या नवी दिल्ली अधिवेशनात झाला होता. त्याआधीच, १९५२ साली, सयाजीरावांच्या बडोद्यात विद्यापीठाने संग्रहालयशास्त्राचा विभाग काढला होता. लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा १९७६ ची. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २००८ मध्ये कला-संवर्धन केंद्र उभारले, आणि तिथे संग्रहालयशास्त्र व संवर्धनाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही चालतो. याच संग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस २०१५ पासून गावोगावच्या शाळांत जाते.

या कामाचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. चिरफळलेले चित्र किंवा क्षारांनी पोखरलेला ब्राँझ हाताळायला वर्षानुवर्षांचे शिक्षण लागते, आणि ते प्रयोगशाळेतच मिळते. आक्षेप निराळा आहे. पदविका घेणारा विद्यार्थी मोठ्या संग्रहालयात जातो, आणि ते स्वाभाविकच आहे. मालगुंडला किंवा देवरुखला त्याच्यासाठी पगाराची जागा नसते. उरतात त्या दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा. गावच्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर काम करीत असताना अशा तीन कार्यशाळांना मी बसले. तिन्ही हिवाळ्यात झाल्या, तिन्ही वातानुकूलित सभागृहात. बहुतेक सरकचित्रे इंग्रजीत होती. आमच्या शिपाईमामांना पाठवावे असे मी सुचवले, तेव्हा आयोजकांचे उत्तर आले की पदवीधरच हवेत. आमच्याकडे कपाट उघडणारे आणि बंद करणारे ते एकटेच होते.

५५ या आकड्याची गोष्ट

कार्यशाळेत शिकवल्या जाणाऱ्या मजकुराचीही समीक्षा व्हायला हवी. तिन्ही ठिकाणी एक आकडा ठळकपणे फळ्यावर आला: सापेक्ष आर्द्रता ५० ते ५५ टक्के. कोकणात जून ते सप्टेंबर बाहेरची हवा ८५ टक्क्यांच्या वर असते. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हे ऐकून शेजारी बसलेले एक ग्रंथपाल हळूच म्हणाले, “म्हणजे आमचं कामच संपलं.” हताशा हा अशा प्रशिक्षणाचा पहिला परिणाम आहे.

या आकड्याचा माग काढला तर वेगळेच दिसते. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीची चित्रे वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत हलवली होती. तिथली हवा ५८ टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवल्यावर चित्रांचे पापुद्रे निघणे कमी झाले, आणि स्थिर आर्द्रतेच्या कल्पनेला बळ मिळाले. त्याच गॅलरीचे वैज्ञानिक सल्लागार गॅरी थॉमसन यांचे संग्रहालयातील पर्यावरणावरचे पुस्तक १९७८ मध्ये आले आणि या विषयाचा मूळ ग्रंथ मानले गेले. पण थॉमसन यांनी ५५ टक्क्यांचा संबंध युरोपातल्या चित्रांशी आणि लाकडी वस्तूंशी जोडला आहे. दमट उष्ण प्रदेशातल्या मिश्र संग्रहासाठी त्यांनी ६५ टक्के ही तडजोड मान्य केली होती. लोखंडाला आणि क्षार मुरलेल्या ब्राँझला ती जास्त आहे, आणि हवा खेळती ठेवणे अत्यंत महत्त्वाचे आहे, असा इशाराही दिला होता. ग्रंथातली आपल्या उपयोगाची ओळ मागे राहिली आणि परक्या हवेची ओळ फळ्यावर आली. २०१४ मध्ये संवर्धकांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी संयुक्त निवेदन काढून स्थानिक हवामान लक्षात घेण्याचा आग्रह धरला. तरीही जुना आकडा शिकवण्यात टिकून आहे.

त्याचा दुसरा परिणाम अधिक खर्चिक असतो. निधी मिळाला की पहिली खरेदी वातानुकूलन यंत्राची होते. ते कार्यालयीन वेळेत चालते आणि संध्याकाळी बंद होते. थंडावलेल्या भिंतींवर, काचांवर, लोखंडी कपाटांवर रात्री दमट हवा येऊन पाणी धरते. रोजच्या या चढउतारापेक्षा यंत्र नसलेली, पण उंच छताची आणि वारा आरपार जाणारी खोली पुष्कळदा बरी. थिबा राजवाड्याची उतरती छपरे आणि रुंद व्हरांडे पावसाचा विचार करूनच बांधलेले आहेत. इमारत हेच पहिले यंत्र आहे, हे धड्यात यायला हवे. जांभ्याची बाहेरची भिंत पाणी शोषते, म्हणून कपाट तिला चिकटून न ठेवता वीतभर पुढे ओढावे. कागदांनी नीट भरलेले बंद कपाट आतली आर्द्रता काही प्रमाणात स्वतःच सावरते. आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. या तीन गोष्टींना वीज लागत नाही, इंग्रजीही लागत नाही.

घरचे शहाणपण आणि घरच्या चुका

आपल्या लोकांना यातले काहीच ठाऊक नाही, असे प्रशिक्षक गृहीत धरतात. पापड सादळतो म्हणजे काय, हे ज्या बाईला कळते तिला सापेक्ष आर्द्रता समजावायला आलेख लागत नाही. ‘सादळणे’, ‘उबट वास’, ‘बुरा’, ‘कसर’ हे शब्द निरीक्षणातून आलेले आहेत. अभ्यासक्रमाने त्यांच्यापासून सुरुवात केली तर अर्धे काम तिथेच होईल.

याचा अर्थ घरगुती उपाय डोळे मिटून स्वीकारावेत असा नाही. त्यांचीही तपासणी हवी. पोथी दोन फळ्यांत घट्ट बांधून कापडात गुंडाळण्याची रीत उत्तम आहे. धूळ अडते, पाने वाकत नाहीत, आर्द्रतेचे झटके सौम्य होतात. पण कापड लालच असले की कीड येत नाही, याला भक्कम पुरावा नाही. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला किडीला काहीसा दूर ठेवतो; बुरशीवर त्याची मदार ठेवू नये, आणि ओलसर पाला तर स्वतःच डाग पाडतो. चुलीवरच्या माळ्यावर धुरामुळे कसर कमी लागते, मात्र काजळी बसते आणि कागद ठिसूळ होतो. पोथ्यांना कडक ऊन दाखवले की शाई फिकटते. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी सावलीत पसरणे हा त्याहून चांगला मार्ग. डांबराच्या गोळ्यांचा वास बुरशी थांबवत नाही आणि कोंदट खोलीत राखणदाराच्या प्रकृतीला मात्र बाधतो.

हरताळाचे उदाहरण तर भाषेतच आहे. चुकलेले अक्षर बुजवायला लेखनिक त्यावर पिवळा हरताळ लावीत, त्यावरून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. हरताळ म्हणजे सोमलाचे संयुग. त्याने कीड लांब राहत असेल, पण थुंकी लावून पोथीची पाने उलटणाऱ्याच्या पोटात ते जाते. वाक्प्रचार सगळ्यांना ठाऊक, विष मात्र कोणी सांगत नाही. मराठीतून शिकवणाऱ्याला असा धडा आयता मिळालेला आहे.

धातूंच्या बाबतीत आपली श्रद्धाच आड येते. देवाची भांडी लखलखीत असली पाहिजेत, म्हणून चिंच, रांगोळी किंवा बाजारातली पावडर लावून घासली जातात. तोच हात ताम्रपटावर फिरला, की दर घासणीला अक्षराची कड झिजते. खाऱ्या वाऱ्याने तांब्यात क्षार शिरलेले असतात. ओल मिळाली की फिकट हिरवी भुकटी सुटते आणि धातू आतून खचत जातो. अशा वेळी घासणे थांबवून कोरडे ठेवणे आणि जाणकाराला बोलावणे, एवढेच राखणदाराचे काम असते. ‘काही न करणे’ हेही कौशल्य आहे, आणि प्रमाणपत्रात त्याला रकाना नाही.

याच्या मुळाशी शब्दांचा प्रश्न आहे. ‘जीर्णोद्धार’ या शब्दाला आपल्याकडे पुण्य चिकटलेले आहे. त्याची कोनशिला बसते, देणगीदारांची नावे लागतात. ‘जतन’ या शब्दाला तसे वलय नाही. जीर्णोद्धार जुन्याला नवे करतो, जतन जुन्याला जुनेच राहू देते. शासकीय मराठीत दोन्हींसाठी सर्रास ‘संवर्धन’ वापरले जाते, त्यामुळे भिंतींना चकचकीत फरशी लावणारा आणि वस्तूला हात न लावणारा दोघेही एकाच कामाचे श्रेय घेतात.

तीन मिनिटे

आंतरराष्ट्रीय पातळीवरून आलेले सगळेच आपल्याला गैरलागू आहे, असेही मी म्हणणार नाही. इक्रोम आणि युनेस्को यांच्या २०११ च्या पाहणीत जगभरातल्या सुमारे ६० टक्के साठवणीतल्या संग्रहांची स्थिती गंभीर आढळली. त्यातून पुढे आलेली ‘री-ऑर्ग’ ही पद्धत मला या सर्व शिकवणीत सर्वांत समंजस वाटते. तिचे निकष साधे आहेत. साठवणीच्या खोलीला एक प्रशिक्षित जबाबदार माणूस असावा. त्या खोलीत संग्रहाव्यतिरिक्त काही नसावे. एकही वस्तू थेट जमिनीवर नसावी. कोणतीही वस्तू तीन मिनिटांत सापडावी, आणि ती काढताना दोनपेक्षा अधिक वस्तू हलवाव्या लागू नयेत.

हे वाचल्यावर मी एका संस्थेच्या साठवणीत प्रयोग करून पाहिला. नोंदवहीत असलेली एक मोडी फाइल शोधायला सव्वा तास लागला. आधी संमेलनाचे फलक, मग घड्यांच्या खुर्च्या, मग बाद झालेले संगणक बाजूला करावे लागले. फाइल मिळाली, पण तिच्यावरची क्रमांकाची चिठ्ठी गळून पडलेली होती, म्हणजे ती कोणाच्या घरून आली हे आता कोणीच सांगू शकत नाही. यात पाऊस नव्हता, वाळवी नव्हती. दहा कारणांच्या यादीतले शेवटचे कारण हे असे असते.

री-ऑर्गची एकच मर्यादा मला जाणवते. ती पद्धत धरून चालते की संस्थेला एक वेगळी खोली आहे. आमच्याकडे एका कपाटाचे दोन खण असतात. पण निकष दोन खणांनाही लागू करता येतात. तसे मराठीत कोणीतरी लिहून दिले पाहिजे.

२२ जुलै

आता पाण्याकडे वळते, कारण आमच्या जिल्ह्यात शेवटी सगळे तिथेच येते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचा पूर चिपळुणात शिरला. २००५ च्या पुराची आठवण बुजलेली नव्हती, तोवर लोटिस्माची पुस्तके पुन्हा चिखलात गेली. वर्षानुवर्षे मिळवलेले ग्रंथ एका दिवसात लगदा होताना वाचनप्रेमींनी पाहिले. वाचनालय पुन्हा उभे राहिले, हे तिथल्या कार्यकर्त्यांचे कर्तृत्व. पण तो दिवस प्रशिक्षणाची खरी परीक्षा होता.

असाच दिवस फ्लॉरेन्सने ४ नोव्हेंबर १९६६ ला पाहिला होता. आर्नो नदी राष्ट्रीय ग्रंथालयात शिरली. देशोदेशींची तरुण मुले चिखलातून पुस्तके हातोहात बाहेर काढत राहिली, आणि आधुनिक कागद-संवर्धनाने तिथे मोठी उडी घेतली. तिथे काम केलेले पीटर वॉटर्स पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेले आणि १९७५ मध्ये त्यांनी भिजलेले ग्रंथ वाचवण्याची पुस्तिका लिहिली. तिचे सार असे: ओल्या कागदावर साधारण दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्या वेळात सगळे वाळवणे शक्य नसेल, तर ग्रंथ गोठवावेत. गोठलेल्या ग्रंथात बुरशी वाढत नाही, शाई आणखी पसरत नाही, आणि मग थोडे थोडे काढून सावकाश वाळवता येतात. गुळगुळीत छपाईच्या कागदाला तर दुसरा पर्याय जवळपास नाही, कारण तसा कागद वाळताना पानाला पान चिकटून वीट होते.

हे वाचताना मला मिरकरवाडा बंदर आठवले. मासळी गोठवण्याचे तंत्र रत्नागिरीला शिकवायला नको. मिरजोळे औद्योगिक वसाहतीत मासळी प्रक्रियेचे कारखाने आहेत, उणे १८ अंशांच्या कोठ्या हा त्यांचा रोजचा व्यवहार. लखनौच्या किंवा मुंबईच्या अभ्यासक्रमात ही गोष्ट सुचणार नाही, कारण ती तिथे नाही.

या कल्पनेतल्या अडचणी मला दिसतात. पुराच्या दिवशी घाट बंद होतात आणि वीज जाते. चिपळूणहून रत्नागिरी नव्वद किलोमीटरवर. अन्नाच्या कोठीत चिखलाची पुस्तके कोण घेईल? घेऊही नयेत, वेगळी कोठी, बंद पिशव्या, बंद खोकी हवीत. तैलचित्रे, काचेच्या छायाचित्रपट्ट्या, लाकडी वस्तू गोठवायच्या नसतात, हेही माहीत हवे. म्हणून हा करार पुराच्या रात्री होत नसतो. तो वैशाखात कागदावर व्हायला हवा: कोणत्या कारखान्याची कोणती कोठी, कोणाचा टेम्पो, कोणाकडे किल्ली, कोणती शंभर पुस्तके आधी उचलायची. इक्रोमने २०१८ मध्ये अपर्णा टंडन यांनी लिहिलेली, आपत्तीतील सांस्कृतिक वारशाच्या प्रथमोपचाराची हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली. तिचा भर याच पूर्वतयारीवर आहे. तिचे मराठी, कोकणी रूप तयार करायचे तर त्यात भाषांतराइतकाच मासळीवाल्याचा सल्ला लागेल.

मोजमाप

मग प्रशिक्षण चांगले की वाईट, हे ठरवायचे कशावर? आज ते उपस्थितांच्या सह्यांवर आणि गटाच्या छायाचित्रावर ठरते. मला वाटते, त्याची तपासणी एक पावसाळा उलटल्यावर, कार्तिकात, राखणदाराच्या कपाटासमोर उभे राहून करावी. कपाट भिंतीपासून सुटले आहे का? जमिनीवर काही ठेवले आहे का? मागितलेली वस्तू तीन मिनिटांत मिळते का? आणि कपाट उघडणाऱ्याला, म्हणजे प्रत्यक्ष त्याच माणसाला, पुराच्या दिवशी पहिला फोन कोणाला करायचा हे ठाऊक आहे का? या चार प्रश्नांना रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. पुढचे, अवघड काम पदवीधरांचेच आहे. पण त्यांच्या टेबलापर्यंत वस्तू शाबूत पोहोचते ती या चार उत्तरांमुळे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा घरोघरची साफसफाई उरकलेली असेल किंवा चालू असेल. दिवाळीच्या तोंडावर आपल्याकडे सर्वाधिक जुने कागद रद्दीत जातात आणि सर्वाधिक जुनी भांडी घासली जातात. पण वर्षातून एकदा घराचा माळा पूर्ण उतरवला जातो, तोही याच दिवसांत. कोकणातल्या संग्रहांच्या प्रशिक्षणाला यापेक्षा योग्य मुहूर्त नाही. पोथीने ज्या हाताची धास्ती घेतली होती, तो हात त्या दिवशी माळ्याच्या शिडीवर असतो. त्याला शिकवायला तिथेच जावे लागेल.